रस्त्याकडेचे वड

बर्लिन शहरात एक प्रसिद्ध रस्ता आहे. त्याच्या नावाचा अर्थच 'लिंडेनच्या झाडांखाली' असा आहे. १६४७ साली ब्रांडेनबुर्गच्या शासकाने राजवाड्यापासून शिकारीच्या रानापर्यंत दुतर्फा झाडे लावली, तेव्हापासून हे नाव पडले. १९३४-३५ च्या सुमारास भुयारी रेल्वेच्या कामासाठी तिथली जुनी झाडे तोडण्यात आली. पुढे नवी लावली गेली. पण नाव टिकले तरी सावलीसाठी लोकांना थांबावे लागले.

झाडांनी वेढलेला जुना रस्ता पाहायला आपल्याला एवढ्या दूर जायला नको. कापूरहोळहून भोरकडे किंवा नसरापूरहून वेल्ह्याकडे निघावे. रुंदीकरणातून जे वाचले आहेत, असे जुने वड वाटेत भेटतात. वर्गाची सहल तोरण्याला जाणार असेल, तर तासभर या वडांसाठी राखून ठेवावा, असे आम्ही सुचवू.

पहिला प्रश्न असा, की हे वड आपोआप आले की कुणी लावले? वडाचे बी पाखरांच्या विष्ठेतून पडते आणि बहुधा भिंतीच्या फटीत किंवा दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात रुजते. रस्त्याच्या कडेने, सारख्या अंतरावर, एका ओळीत वड दिसले, तर त्यामागे माणसाचा हात आहे असे समजावे. ही रीत फार जुनी आहे. माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून रस्त्यांवर वड लावल्याचे सम्राट अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात नोंदलेले आहे.

वडच का? एक कारण सोपे आहे. वडाच्या फांदीचा माणसाच्या उंचीचा जाड सोट जमिनीत रोवला, तरी त्याला मुळे फुटतात. शेंडा उंचावर असल्याने गुरांचे तोंड तिथे पोचत नाही. दुसरे कारण हवामानाचे. लिंडेनची पाने हिवाळ्यात गळतात आणि थंड देशात हवेहवेसे वाटणारे ऊन खाली येते. आपल्याला सावली हवी असते ती चैत्र-वैशाखात, आणि वड तेव्हाच दाट असतो.

आता पारंब्या पाहू. पारंबी म्हणजे फांदीला फुटलेले मूळ. ते जमिनीला टेकले की जाड होते आणि फांदीला खांबासारखा आधार देते. कोलकात्याजवळच्या शिबपूर उद्यानातील प्रचंड वडाचे मूळ खोड बुरशीमुळे १९२५ साली काढून टाकावे लागले, तरी तो वड पारंब्यांवर उभा आहे. रस्त्याकडेच्या वडाला हे भाग्य नसते. वाहनांना अडतात म्हणून पारंब्या छाटल्या जातात, खालची मुळे खोदकामात तुटतात. मग वादळात झाड पडते आणि 'वड धोकादायक' असा शिक्का बसतो.

वडाचे फळ हे खरे तर आतून फुलांनी भरलेली पिशवी असते. परागण करते 'युप्रिस्टिना मॅसोनी' नावाची चिमुकली गांधीलमाशी. फळातून बाहेर पडलेली मादी जेमतेम एक-दोन दिवस जगते. तेवढ्यात तिला योग्य अवस्थेतील फळे असलेला दुसरा वड गाठावा लागतो. एका झाडावरची फळे बहुधा एकाच वेळी वाढतात. पण वेगवेगळे वड वर्षभर वेगवेगळ्या वेळी फळतात. म्हणूनच ही साखळी चालते आणि तांबट, कोकीळ, धनेश, वटवाघळे यांना एकामागून एक झाडावर अन्न मिळत राहते. वड कमी झाले, की ही साखळी विरळ होते.

तोडलेल्या एका वडाबदली काही रोपे लावू, असे सांगितले जाते. हिशेब विद्यार्थ्यांनीच करावा. २० मीटर व्यासाच्या वडाची सावली सुमारे ३१४ चौरस मीटर. १ मीटर व्यासाच्या रोपाची ०.७८५ चौरस मीटर. म्हणजे त्या दिवशीची सावली भरून काढायला ४०० रोपे लागतील! रोपे वाढतील हे खरे, पण त्याला काही दशके लागतील. शिवाय ती त्याच रस्त्याला सावली देतील का, हेही विचारायला हवे.

सहलीत प्रत्येक गटाने एक वड घ्यावा. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर, पर्णसंभाराचा व्यास, शेताच्या आणि रस्त्याच्या बाजूच्या पारंब्या, फळांची अवस्था आणि पाहुणे पक्षी यांची नोंद करावी. सावलीतील आणि उन्हातील डांबराचे तापमान मोजावे. वाहने जपावीत, शक्य तेवढी मापे शेताच्या बाजूने घ्यावीत. घेरावरून वय मात्र ठरवू नये, कारण खोडाला चिकटलेल्या पारंब्यांमुळे घेर फुगतो.

ही वही शाळेत ठेवावी आणि तिची एक प्रत ग्रामपंचायतीला द्यावी. रस्ता रुंद करण्याचा आराखडा पुढे येईल, तेव्हा कोणते झाड कुठे आहे आणि ते काय देते, हे गावाला आकड्यांनिशी सांगता येईल. आखणी कागदावर असते तोवर ती बदलता येते. करवत चालल्यावर हाती उरते ती फक्त वाट पाहणे.