दुबळ्यावरच्या विजयाचे मोजमाप

१४ जानेवारी २०२५ रोजी नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडागृहात भारताच्या महिला खो-खो संघाने दक्षिण कोरियाचा १७५ विरुद्ध १८ असा पराभव केला. खो-खोच्या पहिल्यावहिल्या विश्वचषकातील या संघाचा तो पहिलाच सामना होता आणि संघाचे नेतृत्व प्रियांका इंगळे या महाराष्ट्राच्या खेळाडूकडे होते. दुसऱ्या दिवशी हा गुणफलक वाचून महाराष्ट्रात साहजिकच दोन प्रकारचे उद्गार निघाले. एका पक्षाला आपल्या मातीतील खेळाने जग जिंकल्याचा आनंद झाला. दुसऱ्या पक्षाने खांदे उडवून विचारले, 'समोर होते तरी कोण?' ज्या देशात हा खेळ नुकता कोठे पोहोचला, त्याच्यावर दीडशेहून अधिक गुणांनी मात करण्यात पराक्रम तो कोणता?

दोन्ही उद्गारांत तथ्याचा अंश आहे आणि दोन्ही अपुरे आहेत. पहिला केवळ गुणफलक वाचतो, तर दुसरा केवळ प्रतिस्पर्ध्याचे नाव. सामना मात्र दोघांनीही पाहिलेला नसतो. वस्तुतः एकतर्फी विजयाचे मोल ठरविणे हे अटीतटीच्या विजयाचे मोल ठरविण्याहून अवघड काम आहे. अटीतटीच्या लढतीत प्रतिस्पर्धीच परीक्षा घेतो; एकतर्फी लढतीत ती परीक्षा विजेत्याने स्वतःची स्वतः घ्यावी लागते.

हा प्रश्न दिल्लीपुरता असता तर त्याची एवढी चिकित्सा करण्याचे कारण नव्हते. परंतु बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील कोणत्याही क्रीडाशिक्षकाला तो परिचित आहे. तालुका पातळीवरील शालेय स्पर्धांत एका बाजूला मैदान, मार्गदर्शक आणि रोजचा सराव लाभलेली मोठी शाळा असते. दुसऱ्या बाजूला बागायती पट्ट्यापलीकडच्या एखाद्या वाडीतील, जेमतेम संघ जमविलेली शाळा उभी राहते. पहिल्या डावातच निकाल ठरून जातो. विजयी मुलांना खांद्यावर घेतले जाते, हरलेली मुले मुकाट्याने एसटीच्या थांब्याकडे निघतात. त्या दिवशी दोन्ही संघांनी नेमके काय मिळविले, हे सहसा कोणी विचारीत नाही.

जोड लावण्याचे शहाणपण

गंमत अशी, की या प्रश्नाचे एक उत्तर याच भागातील गावजत्रांनी फार पूर्वी शोधून ठेवले आहे. नीरा आणि भीमा या दोन नद्यांच्या मधल्या या मुलखात चैत्र-वैशाखात जत्रा भरतात आणि जत्रेला कुस्त्यांचा फड ठरलेला असतो. फडात सर्वांत कठीण काम पैलवानाचे नसून जोड लावणाऱ्या जाणत्यांचे असते. दोन पोरे पुढे येतात, त्यांचे खांदे, मांड्या, उंची न्याहाळली जाते. जोड विजोड वाटली तर एकाला परत पाठविले जाते, मग तो कितीही हट्टाला पेटलेला असो. रेवड्यांवर खेळणाऱ्या लहानग्यांपासून अखेरच्या मानाच्या कुस्तीपर्यंत हाच रिवाज चालतो. विजोड कुस्तीत जो चितपट करतो त्याला टाळी मिळत नाही. बरोबरीत सुटलेल्या काटाजोड कुस्तीची आठवण मात्र गाव वर्षानुवर्षे काढते.

आधुनिक खेळांच्या नियमांतही याच शहाणपणाच्या खुणा दिसतात. मुक्त शैलीच्या आंतरराष्ट्रीय कुस्तीत दहा गुणांची आघाडी मिळताच लढत तेथेच थांबविली जाते. खो-खोच्या पारंपरिक नियमांतही ठरावीक आघाडी घेतलेल्या संघाला प्रतिपक्षावर पुन्हा डाव लादता येतो आणि डावाने विजय मिळविता येतो. एका मर्यादेनंतर गुणांची रास वाढवून नवे काहीच सिद्ध होत नाही, ही जाणीव या नियमांच्या मुळाशी आहे.

तथापि सर्वत्र जोड लावता येत नाही. स्पर्धा म्हटली की नावे चिठ्ठीने निघतात आणि बलाढ्याची गाठ दुबळ्याशी पडतेच. अशा वेळी विजयाची पारख कशी करावी?

पुण्यातील एक अपुरा डाव

या संदर्भात पुणे जिल्ह्याच्या क्रीडा-इतिहासातील एका सामन्याचे स्मरण उद्बोधक ठरावे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याच्या पूना क्लब मैदानावर महाराष्ट्र आणि काठियावाड यांच्यात रणजी करंडकाचा सामना झाला. काठियावाडचा पहिला डाव २३८ धावांत आटोपला. उत्तरादाखल महाराष्ट्राने ४ बाद ८२६ धावा केल्या. त्यांत भाऊसाहेब निंबाळकर यांच्या नाबाद ४४३ आणि कमल भांडारकर यांच्या २०५ धावा होत्या. या दोघांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी केली. डॉन ब्रॅडमन यांनी १९३० मध्ये केलेल्या नाबाद ४५२ धावांच्या तत्कालीन विश्वविक्रमाशी बरोबरी करायला निंबाळकरांना अवघ्या ९ धावा हव्या होत्या. तिसऱ्या दिवशी उपाहाराची वेळ झाली आणि काठियावाडच्या संघाने सामना सोडून दिला. त्या संघाचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब होते.

या घटनेकडे आजवर बहुधा काठियावाडच्या कोतेपणाची कथा म्हणूनच पाहिले गेले आणि ते गैर नाही. विक्रमाच्या उंबरठ्यावरील फलंदाजाला चेंडू टाकायचे नाकारणे हे खेळाडूवृत्तीचे लक्षण खासच नव्हे. पण दुसराही एक पक्ष आहे. सामन्याचा निकाल केव्हाच स्पष्ट झालेला असताना मैदानावर राबत राहणे म्हणजे काय, हे ज्याने ते सोसले तोच जाणतो.

आता पारखीचा मुद्दा. काठियावाडची गोलंदाजी दुबळी होती, सबब त्या डावाला मोल नाही, असे म्हणावे काय? येथे एक साधी कसोटी उपयोगी पडते. दुबळी गोलंदाजी एकट्या निंबाळकरांच्या वाट्याला आली नव्हती. महाराष्ट्राच्या प्रत्येक फलंदाजाला तीच गोलंदाजी मिळाली. तरीही संघाच्या ८२६ धावांपैकी निम्म्याहून अधिक एकट्याच्या बॅटीतून आल्या. आठ तासांहून अधिक वेळ एकाग्रता ढळू न देणे हे गोलंदाजाच्या दुबळेपणाने आपोआप घडत नाही. उलट समोरचे आव्हान लटके असले की मन लवकर भरकटते. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील भारतीयाची सर्वोच्च धावसंख्या म्हणून ही खेळी आजही नोंदली जाते. तरी अधिकृत कसोटी सामन्यात खेळण्याची संधी निंबाळकरांना कधीच मिळाली नाही. म्हणजे धावांची रास हा गुणवत्तेचा एकमेव पुरावा मानला जात नाही, हेही याच उदाहरणावरून दिसते.

गुणफलक काय सांगत नाही

एकतर्फी निकाल पुढच्या सामन्याविषयी किती थोडे सांगतो, याचे ठळक उदाहरण फुटबॉलमध्ये आहे. १९८२ च्या विश्वचषकात हंगेरीने एल साल्वादोरवर १० विरुद्ध १ असा विजय मिळविला. परंतु पुढे अर्जेंटिनाकडून त्यांना ४ विरुद्ध १ अशी हार पत्करावी लागली, बेल्जियमशी बरोबरी झाली आणि दहा गोल करणारा हा संघ पहिल्या फेरीतच बाद झाला.

बारामती-इंदापूरच्या वाचकाला याचा पडताळा क्रीडांगणाबाहेरही मिळेल. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत बारामतीत विजयी उमेदवाराचे मताधिक्य १ लाख ६५ हजारांवर गेले आणि प्रतिस्पर्ध्याची अनामत जप्त झाली. त्याच दिवशी शेजारच्या इंदापुरात निकाल ३ हजारांच्या आसपासच्या फरकाने लागला. पुढे २०२४ मध्ये लोकसभेच्या निवडणुकीत बारामती विधानसभा क्षेत्रातील आघाडी दुसऱ्या पक्षाकडे गेली आणि त्याच वर्षी विधानसभेला ती लाखाच्या फरकाने पुन्हा फिरली. मताधिक्याच्या आकड्यात विजेत्याचे बळ जितके असते तितकाच समोर कोण उभा आहे याचाही वाटा असतो, एवढाच याचा अर्थ.

म्हणून जाणत्या प्रेक्षकाने एकतर्फी सामन्यात फरक मोजण्यापेक्षा खेळाची रीत पाहावी. खो-खोचेच घ्या. समोरचा संघ नवखा असला तरी खो देण्यातील अचूकपणा, खांबाजवळचा सूर, साखळीतील पदन्यास आणि नियमभंगांची संख्या या गोष्टी प्रतिस्पर्ध्यावर फारशा अवलंबून नसतात. गडी सहज बाद होतात म्हणून खो आधीच दिला जातो काय, पाठलाग करणारा दिशा चुकतो काय, हे १७५ गुणांच्या सामन्यातही दिसतेच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आघाडी मिळाल्यावर राखीव खेळाडूंना मैदानावर आणले की नाही, हेही पाहिले पाहिजे. त्याच स्पर्धेत १९ जानेवारीला नेपाळविरुद्धच्या अंतिम सामन्यात भारतीय महिला ७८ विरुद्ध ४० अशा विजयी झाल्या. प्रतीक वाईकर याच्या नेतृत्वाखालील पुरुष संघाला तर सलामीलाच नेपाळने ४२ विरुद्ध ३७ असे झुंजविले होते. अंतिम सामन्यात त्याच नेपाळला ५४ विरुद्ध ३६ असे हरविण्यात आले. भारतीय संघांची खरी उंची मोजायची तर पट्टी नेपाळची घ्यावी लागेल, कोरियाची नव्हे.

कबड्डीने दिलेला धडा

परंतु कोरियाला कायमचे दुबळे समजणेही तितकेच घातक ठरेल. कबड्डीचा इतिहास डोळ्यांपुढे आहे. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धेत कबड्डीचा समावेश झाला, तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णपदके भारताने जिंकली. २०१६ मध्ये अहमदाबादच्या विश्वचषकात भारताने अर्जेंटिनाला ७४ विरुद्ध २० असे नमविले आणि सर्वत्र कौतुक झाले. त्याच स्पर्धेच्या सलामीला दक्षिण कोरियाने भारताला ३४ विरुद्ध ३२ असे हरविले होते. पण विजेतेपद मिळाल्यावर तो इशारा विसरला गेला. दोन वर्षांनी जाकार्ताला कोरियाने साखळी सामन्यात पुन्हा हरविले, उपांत्य फेरीत इराणने भारताला २७ विरुद्ध १८ असे बाहेर काढले आणि महिलांचे सुवर्णपदकही इराणनेच २७ विरुद्ध २४ असे जिंकले. त्या इराणी महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन.

या शेवटच्या तपशिलात फार मोठा अर्थ आहे. कालच्या दुबळ्या संघाला मराठी भाषक प्रशिक्षकाने बळ दिले आणि भारताचे वर्चस्व मोडले. यात काहींना खंत वाटली असेल. परंतु खेळाच्या दृष्टीने पाहिले तर अर्जेंटिनावरील ५४ गुणांच्या विजयापेक्षा जाकार्ताचा ३ गुणांचा पराभव कबड्डीला अधिक देऊन गेला. २०२३ मध्ये हांगझोऊला दोन्ही सुवर्णपदके परत आली, ती पुरुषांत इराणविरुद्ध ३३-२९ आणि महिलांत चिनी तैपेईविरुद्ध २६-२५ अशा झुंजीनंतर. या पदकांची किंमत आधीच्या पदकांहून कमी आहे, असे कोण म्हणेल?

शाळांपुढील काम

आता पुन्हा तालुक्याच्या मैदानावर यावे. खेळातील प्रावीण्यासाठी दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, राज्यशासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यामुळे विजयाचे प्रमाणपत्र हा केवळ मानाचा कागद राहिलेला नाही. शिक्षक आणि पालक विजयामागे धावतात याचा दोष त्यांना सर्वस्वी देता येणार नाही. पण प्रमाणपत्रावर प्रतिस्पर्धी किती तयारीचा होता हे लिहिलेले नसते. तालुक्यात लीलया जिंकणारा संघ जिल्ह्याला किंवा विभागाला गेल्यावर पहिल्याच सामन्यात कोसळतो, तेव्हा मुलांच्या वाट्याला निराशा येते आणि आपली तयारी कोठे कमी पडली हेही त्यांना उमगत नाही.

यावर उपाय अवघड नाहीत आणि त्यांना मोठा खर्चही लागत नाही. एकतर्फी सामन्यात पहिल्या डावानंतर राखीव मुलांना खेळविण्याचा दंडक शाळांनी स्वतः घालून घ्यावा. विजयानंतर फलकावर गुणांच्या फरकाबरोबर स्वतःच्या चुकांचीही नोंद व्हावी. आणि ज्या शाळेला हरविले तिच्याबरोबर वर्षातून दोन-तीन वेळा एकत्र सराव व्हावा. मोठ्या शाळेच्या मार्गदर्शकाने त्या मुलांना खांबावरचा सूर शिकवावा. यात परोपकाराचा आव नको. चांगला प्रतिस्पर्धी ही विजेत्याचीच गरज असते. जत्रेतील जाणते तयार जोड शोधतात. शाळांना ती जोड घडविता येईल.

१७५ विरुद्ध १८ हा आकडा नोंदवहीत राहील. त्याचे खरे मोल मात्र पुढे केव्हातरी कोरियाच्या मुली भारताला अटीतटीचा सामना देतील, त्या दिवशी ठरेल. वाडीवरची शाळा जेव्हा बारामतीच्या मैदानावर मोठ्या शाळेला अखेरच्या डावापर्यंत झुंजवील, तेव्हा त्या मोठ्या शाळेच्या आजवरच्या विजयांनाही अर्थ येईल.