काळोखाची कादंबरी आणि भावंडांची साक्ष

रात्रीचीं जेवणें आटोपलीं, मुलें झोपलीं, सकाळच्या गाडीची वेळ मनाशीं पक्की झाली, कीं ठाणें, कल्याण, डोंबिवलीच्या कितीतरी घरांतून कोणी ना कोणी पुस्तक उघडून बसतें. या भागाला वाचनाचा नाद जुना आहे. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचें व ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचें. तेव्हां वाचावें कीं नाहीं, हा येथें वादाचा विषय नाहीं. काय वाचावें, हा मात्र आहे. सुशिक्षित घरांतून हल्लीं एक विशिष्ट जातीची कादंबरी आवडीनें वाचली जाते. तींत खून असतो, पण पोलीस फारसे नसतात. तींत एक जुनें घर असतें, लहानपणीं घडलेली व कोणीं कधीं न बोललेली एक गोष्ट असते, आणि त्या घरांत एकत्र वाढलेलीं दोन-तीन भावंडें असतात. घरांतील वडील माणसें साहजिकच विचारतात, कीं दिवसभर दगदग करून आल्यावर हें काळेंकुट्ट वाचावयाचें तरी कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि 'ज्याची त्याची आवड' एवढें म्हणून तो सुटत नाहीं. म्हणून या कादंबरीचें अंतरंग काय असतें व ती वाचावी कशी, याचा आज आपण थोडा विचार करूं.

प्रथम ही कादंबरी आणि आपल्या परिचयाची रहस्यकथा यांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. बाबूराव अर्नाळकरांनीं हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून मराठी वाचकाला रात्रीची झोप विसरावयास लावलें. त्या कथेंत रहस्य बाहेर असतें. कोणी तरी गुन्हा केलेला असतो. चतुर माणूस येतो, खुणा गोळा करतो, गुन्हेगाराला पकडतो आणि जग पूर्ववत् होतें. आपण ज्या कादंबरीविषयीं बोलत आहों, तींत रहस्य सांगणाऱ्याच्याच मनांत असतें. 'हें कोणीं केलें?' यापेक्षां 'त्या दिवशीं खरोखर काय घडलें?' हा तिचा प्रश्न असतो. उत्तर लपवून ठेवणारा माणूस पुष्कळदां स्वतःपासूनच तें लपवीत असतो.

शर्ली जॅक्सन या अमेरिकन लेखिकेची 'वुई हॅव ऑल्वेज लिव्ह्ड इन द कॅसल' ही १९६२ सालची कादंबरी या जातीचा उत्तम नमुना होय. दोन बहिणी आपल्या वृद्ध व आजारी काकासह एका मोठ्या घरांत, गांवापासून तुटून राहतात. सहा वर्षांपूर्वीं त्याच घरांत साखरेंत सोमल मिसळला गेला व कुटुंबांतील चार माणसें जेवणाच्या टेबलावर मेलीं. गोष्ट सांगते ती धाकटी बहीण, आणि ती आपल्याला सांगते तीं झाडें, मांजर, जमिनींत पुरलेल्या वस्तू व स्वतः ठरविलेले शकुन यांविषयीं. मुख्य गोष्टीपाशीं आली, कीं तिची वाणी सहज दुसरीकडे वळते. विष कोणीं घातलें, हें मी येथें सांगणार नाहीं. सांगावयाचें आहे तें इतकेंच, कीं तिचें हें वळणें ही केवळ लेखिकेची युक्ति नव्हे. भ्यालेलें मन प्रत्यक्षांतहि असेंच वागतें.

याचें कारण स्मरणाच्या घडणींत आहे. अगदीं पहिल्या दोन-तीन वर्षांतील प्रसंग मोठेपणीं बहुधा आठवत नाहींत. त्यानंतरच्या वयांतहि अतिशय भीतीच्या क्षणीं लक्ष एखाद्या बारीकशा वस्तूवर खिळतें : दाराची कडी, फुटलेली कपबशी, ओल्या कपड्यांचा वास. वस्तु ठसठशीत आठवते. प्रसंगाचा क्रम मात्र विस्कटतो. शिवाय लहान मुलाजवळ घडलेल्या गोष्टीला नांव नसतें. मोठ्या माणसांनीं तें दिलें नाहीं, किंवा 'असें कांहीं झालेंच नाहीं' म्हणून दटावलें, तर ती आठवण शब्दावांचून राहते आणि पुढें वीस वर्षांनीं एखाद्या वासाबरोबर अंगावर येते. कादंबरीकार हेच तुकडे आपल्यापुढें टाकतो व ते जुळवावयास लावतो. म्हणून अशा पुस्तकांत ज्या वस्तूचा उल्लेख विनाकारण पुनःपुन्हां येतो, तिच्यापाशीं थांबावें. कथेचें कुलूप बहुधा तेथेंच असतें.

हें भय इतकें झोंबतें कां, याचा उलगडा फ्रॉइड यानें १९१९ सालच्या एका निबंधांत केला आहे. जर्मन भाषेंत 'हाइमलिश' या शब्दाचा एक अर्थ 'घरचें, ओळखीचें' असा आहे आणि दुसरा 'लपविलेलें' असा आहे. ज्याला आपण भयाण म्हणतों तें परकें नसतें, पूर्वीं ओळखीचें असून मनानें दडपलेलें असतें, असें त्याचें म्हणणें. त्याचीं सर्व मतें आज कोणी मानीत नाहीं. पण वाड्यांतील बंद खोलीची कथा ऐकतांना स्मशानांतल्या भुतापेक्षां आपण अधिक कां दचकतों, याचें हें उत्तर अजूनहि पटण्यासारखें आहे.

आतां या कादंबरींत भावंडेंच कां असतात, तें पाहूं. आईबाप आपल्या आधीं जातात; पतिपत्नीची गांठ पुढें पडते; मित्र घराच्या उंबरठ्याबाहेरचे. घराच्या आंतलें बालपण आपल्याबरोबर पाहिलेला माणूस एकच, तो म्हणजे भाऊ किंवा बहीण. एकच जण आठवण सांगूं लागला, तर ती भास ठरवितां येते. दुसऱ्यानें 'होय, मीहि तेथें होतों' असें म्हटलें, कीं ती घटना होते. भावंड हें अशा रीतीनें बालपणाचें साक्षीदार आहे, आणि या कादंबरींतील खरा ताण हाच, कीं हा साक्षीदार बोलेल काय?

मुलांमुलांतील हा बंध किती बळकट असूं शकतो, याचें एक विलक्षण उदाहरण मानसशास्त्रांत नमूद आहे. टेरेझिन येथील नाझी छळछावणींतून वांचलेलीं सहा ज्यू मुलें १९४५ सालीं इंग्लंडमध्यें आणण्यांत आलीं. तीन मुलगे व तीन मुली; वय तीन-चार वर्षांचें; सारीं अनाथ. तीं सख्खीं भावंडें नव्हतीं, पण एकत्र वाढलीं होतीं. ससेक्समधील एका घरांत त्यांना वर्षभर ठेवलें, व फ्रॉइडची कन्या ॲना फ्रॉइड आणि सोफी डान यांनीं त्यांची हकीकत १९५१ सालीं प्रसिद्ध केली. हीं मुलें प्रौढ माणसांना मारीत, चावत, खेळणीं मोडीत. परंतु एकमेकांपासून क्षणभरहि दूर राहावयास तयार नसत, आणि जेवतांना स्वतःच्या घासापेक्षां शेजारच्याच्या ताटाची काळजी त्यांना अधिक असे. आईबापांची माया ज्यांनीं जाणली नाहीं, त्यांनीं ती एकमेकांत निर्माण केली होती.

पण साक्षीदार दोन असले म्हणजे साक्ष एकच असते असें नाहीं. एका छपराखालीं वाढलेल्या दोन भावंडांचें बालपण एकच नसतें. रात्रीं बापाचा आवाज चढला, कीं थोरली बहीण धाकट्याच्या कानांवर हात ठेवते. पुढें तो म्हणतो, 'आपलें लहानपण कसें मजेंत गेलें!' तो खोटें बोलत नाहीं. त्याची मजा बहिणीच्या दोन हातांनीं राखलेली असते. मात्र तिचे स्वतःचे कान झांकावयास तिसरा हात नव्हता, हें त्याला ठाऊक नसतें. चांगली कादंबरी या दोन्ही आठवणी आपल्यापुढें ठेवते व दोन्ही खऱ्या मानावयास शिकविते.

हा बंध सडला म्हणजे काय होतें, तें आपल्या रंगभूमीनें दाखविलें आहे. विजय तेंडुलकरांचें 'गिधाडे' हें नाटक श्रीराम लागू यांच्या दिग्दर्शनाखालीं १९७० सालीं रंगमंचावर आलें, तेव्हां प्रेक्षक हादरून गेला. रमाकांत व उमाकांत हे भाऊ, माणिक ही बहीण आणि त्यांचा बाप पैशासाठीं एकमेकांचे लचके तोडतात. तेथील हिंसा आजहि वाचवत नाहीं. पण नीट वाचलें, तर एक गोष्ट दिसते. या बापानें पूर्वीं आपल्या सख्ख्या भावाला धंद्यांत फसविलें आहे. पोरांनीं भाऊपण पाहिलें तें असें. तेंच त्यांनीं गिरविलें. त्या घरांत राहून माणूस राहिलेला एकच, तो त्यांचा अनौरस भाऊ रजनीनाथ, आणि तोच सर्व पाहून सांगणारा आहे. साक्षीदाराची जागा तेंडुलकरांनीं घराच्या कडेला टाकलेल्या भावाला दिली.

आणि बंध टिकला म्हणजे काय होतें? त्यासाठीं परदेशांत जावयास नको. निवृत्ति, ज्ञानदेव, सोपान व मुक्ताई हीं चार भावंडें आपण संत म्हणून पूजितों; तीं प्रथम वाळीत टाकलेलीं अनाथ मुलें होतीं, हें विसरतों. संन्यास सोडून पुन्हां संसार मांडला म्हणून बापाला बहिष्कृत केलें, आणि आईबापांनीं देहांत प्रायश्चित्त घेतलें, असें परंपरा सांगते. एकदां लोकांच्या बोलण्यानें दुखावून ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आंत बसले. बाहेर उभी राहिली ती धाकटी मुक्ताई. दार उघडावें म्हणून तिनें केलेली विनवणी 'ताटीचे अभंग' या नांवानें सर्वश्रुत आहे. तिनें दार मोडलें नाहीं. 'तुला कांहीं लागलेंच नाहीं' असेंहि ती म्हणाली नाहीं, कारण तोच घाव तिनेंहि सोसला होता. बंद दाराशीं ज्याचा शब्द आंत पोंचतो असा माणूस भावंडच असूं शकतो, हें मराठी मनाला सातशें वर्षांपासून माहीत आहे.

असें असलें, तरी या कादंबरींत एक मोठा दोष संभवतो, तो सांगणें अवश्य आहे. कथानक रंगावें म्हणून पुष्कळ लेखक दुखावलेलें मूल मोठेपणीं खुनी झालेलें दाखवितात. वस्तुस्थिति तशी नाहीं. १९९८ सालीं विन्सेंट फेलिटी, रॉबर्ट अँडा व त्यांचे सहकारी यांनीं कॅलिफोर्नियांतील हजारों प्रौढांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत निम्म्याहून अधिक लोकांनीं बालपणींचा एक तरी आघात सांगितला. आणि असे आघात जितके अधिक, तितकी पुढें औदासीन्य, व्यसन व हृदयविकार यांची भीती अधिक, असें दिसून आलें. म्हणजे हा घाव बहुधा ज्याचा त्यालाच आंतून पोखरतो. तो मुकाट्यानें नोकरी करतो, संसार करतो, आणि कोणाला पत्ता लागत नाहीं.

ही गोष्ट ठाणेंकरांना तर विशेष लागू आहे. येथील मनोरुग्णालय १९०१ सालचें. त्यामुळें 'याला ठाण्याला पाठवा' हा विनोद महाराष्ट्रभर रूढ झाला. त्या विनोदानें किती जणांचीं तोंडें बंद केलीं असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाहीं. त्याच ठाण्यांत १९९० सालीं डॉक्टर आनंद नाडकर्णी यांनीं 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था उभी केली आणि मनाच्या दुखण्याविषयीं चारचौघांत बोलण्यास अनेकांना धीर दिला.

याच गांवाशीं आणखी एका माणसाचें नांव जोडलेलें आहे. रत्नाकर मतकरी यांनीं गूढकथेंनें मराठी वाचकांच्या दोन पिढ्यांना घाबरविलें. त्यांच्या 'इन्व्हेस्टमेंट' या चित्रपटांत शाळकरी मुलावर एका मुलीच्या खुनाचा संशय येतो, आणि खरें भय वाटतें तें त्याला पाठीशीं घालणाऱ्या आईबापांचें. २०१२ सालचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. हेच मतकरी १९६२ पासून मुलांसाठीं नाटकें करीत होते. आणि २०१४ सालीं ठाण्याच्या समता विचार प्रसारक संस्थेबरोबर त्यांनीं 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला. वस्तींतील मुलांनीं आपल्याच जगण्यांतील विषय घेऊन, आपल्याच शब्दांत नाटुकलीं बसवावयाचीं, अशी ती कल्पना. २०२० सालीं मतकरी निवर्तले. भयकथा लिहिणाऱ्यानें मुलांना बोलतें करावें, यांत मला विसंगति दिसत नाहीं. न बोललेल्या गोष्टीचें भय किती मोठें होतें, हें त्याच्याइतकें कोणाला कळणार?

तेव्हां ही कादंबरी वाचावी, पण तीन पथ्यें पाळून. ती कोवळ्या वयाच्या मुलांच्या हातीं देऊं नये. वाचतांना छाती धडधडूं लागली, झोप उडाली, स्वतःचेंच कांहीं वर येऊं लागलें, तर पुस्तक मिटावें. शेवटपर्यंत वाचण्याची शपथ कोणी घातलेली नाहीं, आणि तें वर आलेलें जाणत्या वैद्यापाशीं बोलण्यांत कमीपणा नाहीं. तिसरें पथ्य असें, कीं कथेंतील मुलाबद्दल हळहळून थांबूं नये. आपल्या घरांतील किंवा शेजारचें एखादें मूल अचानक गप्प झालें असेल, एखाद्या माणसाजवळ जावयास नाखूष असेल, तर त्याला 'हट्टी' म्हणण्यापूर्वीं त्याच्याशेजारीं थोडें बसावें. संकटांतील मुलांसाठीं १०९८ हा दूरध्वनि आहे. १९९६ सालीं मुंबईंत सुरू झालेली ही सेवा आज देशभर चालते.

आणि ज्यांचीं भावंडें हयात आहेत, त्यांनीं एवढें करावें. एक डोंबिवलीला, एक पुण्याला, एक परदेशीं, अशी आपली पांगापांग झाली आहे. बोलणें होतें तें प्रकृतीचें, मुलांच्या परीक्षांचें आणि जागेच्या कागदपत्रांचें. एखाद्या निवांत संध्याकाळीं थोरल्या बहिणीला किंवा भावाला विचारून पाहावें, 'त्या वेळीं तुला काय वाटत होतें?' उत्तर ताबडतोब येणार नाहीं. ताटी लगेच उघडत नाहीं. बाहेर थोडा वेळ उभें राहावें लागतें.