काय खुले ठेवायचे, काय राखायचे

जुलै १९२९मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. आठ तासांत सोळा हजार फूट सूत काढणारा, दीडशे रुपयांच्या आत मिळणारा आणि वीस वर्षे टिकणारा चरखा संघाला हवा होता. जाहिरातीतली आज लक्ष वेधून घेणारी अट मात्र हक्कांविषयीची होती. संशोधकाने यंत्राचे पेटंट घेऊन स्वतःच त्याचा लाभ उठवायला संघाची हरकत नव्हती. पण बक्षीस हवे असेल तर पेटंट संघाच्या नावे करून द्यायचे. म्हणजे एक लाख रुपये हे कौतुकाचे नव्हते, हक्काची किंमत म्हणून मोजायचे होते. सगळ्या अटी पूर्ण करणारे यंत्र कुणालाच बनवता आले नाही आणि बक्षीस तसेच राहिले. तरीही बौद्धिक संपदेचा इतका स्पष्ट विचार करणारी संस्था त्या काळी देशात विरळाच असेल.

त्याच सुमारास, १९३० ते १९३३ या वर्षांत गांधीजींचा बराच मुक्काम येरवड्याच्या तुरुंगात होता. तिथे त्यांनी ज्या चरख्यावर खटपट केली, तो ‘येरवडा चक्र’ किंवा पेटी चरखा म्हणून ओळखला जातो. लाकडी पेटी उघडली की आत एक मोठे आणि एक लहान चक्र दिसते. दोन्ही माळेने जोडलेली असतात, त्यामुळे हाताने मोठे चक्र सावकाश फिरवले तरी चाती भराभर फिरते. काम संपले की सगळे घडी करून पेटीत बंद करायचे आणि पेटी हातात घेऊन निघायचे. अशा उपकरणाचे मोल ते किती हातांत जाते यावर ठरते. ते कुलपात ठेवले असते तर खादी चळवळीचाच तोटा झाला असता. याच चळवळीने खादी या नावाबाबत मात्र सैल धोरण ठेवले नाही. गिरण्यांचे कापड खादी म्हणून खपवले जाऊ लागले, तेव्हा संघाने विक्रेत्यांना प्रमाणपत्रे देण्याची पद्धत ठेवली. पुढे १९३४मध्ये खद्दर नामसंरक्षण कायदा झाला. हातसुताचे, हातमागावर विणलेले कापड असेल तरच त्याला खादी किंवा खद्दर म्हणता येईल, असे त्याने ठरवले. साधन सर्वांसाठी खुले आणि नाव मात्र राखीव, अशी ही विभागणी होती. माझ्या मते कुठल्याही कंपनीच्या धोरणाचा गाभा इथेच आहे. आपली कमाई नेमकी कशावर उभी आहे ते आधी ओळखायचे, तेवढेच घट्ट धरायचे आणि बाकीचे पसरू द्यायचे.

यावर पहिला आक्षेप असा की खादी ही चळवळ होती, तिचे नियम नफ्यासाठी चालणाऱ्या धंद्याला कसे लागू पडतील? पण गिऱ्हाईक दोन्हीकडे विश्वासावरच पैसे मोजते, आणि तो विश्वास नावात साठलेला असतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: खादी हा लोकांचा शब्द, त्यावर एका सरकारी आयोगाने मालकी का सांगावी? आक्षेपात तथ्य आहे. नावामागची तपासणी ढिली पडली की उरतो तो नुसता मक्ता. पण नाव मोकळे सोडले तर ते लोकांकडेच राहते असेही नाही. खादी व ग्रामोद्योग आयोगाने एका जर्मन कंपनीच्या नावावरची ‘खादी’ची युरोपीय नोंदणी रद्द करून घेण्याचा प्रयत्न केला. युरोपीय संघाच्या जनरल कोर्टाने २०१८मध्ये आयोगाचे म्हणणे फेटाळले. येरवड्याच्या चक्रावर फिरलेल्या सुताचे नाव परदेशात दुसऱ्याच्या खात्यावर राहिले.

लहान उद्योजक म्हणतात, हे सगळे मोठ्यांचे खेळ, आपल्याला कुठे परवडणार? खरे तर लहान उद्योगाला ट्रेडमार्कच्या ऑनलाइन अर्जाचे शुल्क मालाच्या एका वर्गासाठी साडेचार हजार रुपये आहे. नोंदणी दहा वर्षांची असते आणि ती कितीही वेळा वाढवता येते. शिवाय नुसती नोंदणी म्हणजे सर्वस्व नव्हे. याचे उदाहरण पुण्यातच आहे. येरवड्याहून पूल ओलांडला की कोरेगाव पार्क. तिथल्या ‘बर्गर किंग’ या उपाहारगृहावर त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीने २०११मध्ये दावा लावला. त्या कंपनीची भारतातली नोंदणी १९७९ची, पण इथले तिचे पहिले दुकान २०१४चे. पुण्याचा धंदा मात्र नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासूनचा. जिल्हा न्यायालयाने २०२४मध्ये कंपनीचा दावा फेटाळला, उच्च न्यायालयाने पुणेकर मालकांना नाव वापरायला तात्पुरती मनाई केली आणि मार्च २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. आधीपासूनच्या प्रामाणिक वापराला कायदा मान देतो, मात्र तो वापर सिद्ध करावा लागतो. जुनी बिले, परवाने, जाहिराती यांची फाईल हीही मालमत्ताच असते. आणि वेळेवर केलेल्या अर्जापेक्षा वर्षानुवर्षांची कोर्टकचेरी केव्हाही महाग पडते.

आज येरवडा तुरुंगापासून जवळच कॉमरझोनसारखी आयटी पार्क्स उभी आहेत. तिथल्या मालाला चाती नाही की पेटी नाही, पण प्रश्न तेच आहेत. भारतीय पेटंट कायदा निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट देत नाही, त्याचे रक्षण मुख्यतः कॉपीराइटवर चालते. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा हक्क सहसा मालकाचा असतो. बाहेरच्या माणसाकडून लिहून घेतलेला कोड मात्र लेखी हस्तांतर नसेल तर लिहिणाऱ्याचाच राहू शकतो, त्याचे पैसे चुकते केले असले तरी. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे भिस्त करारावर आणि कोणाला काय दिसते यावरच्या शिस्तीवर असते. म्हणून हा विषय वकिलाकडे शेवटी न्यायचा नाही. माल बाजारात उतरवण्याआधी, किंमत आणि भांडवल ठरवण्याच्या बैठकीतच काय सांगून टाकायचे, काय नोंदवायचे आणि काय गुप्त ठेवायचे, हे ठरले पाहिजे. चरखा संघाने हक्कांचा निर्णय यंत्र जन्माला येण्यापूर्वीच घेतला होता.