शेतकऱ्याची उघडी जीप : अनुभवाअंतीं कांहीं सूचना

चारी चाकांस गति मिळणारी, वरून उघडी अशी जीपगाडी अलीकडे पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारांत दिसूं लागली आहे. कोणी ती कामाच्या निकडीनें घेतली आहे, कोणी निव्वळ हौसेनें. हौसेस आमचा विरोध नाहीं. परंतु शेतकऱ्याच्या घरीं आलेली वस्तु, मग तो बैल असो वा पंप, आपल्या खाण्याची भरपाई करणारी असली पाहिजे. आणि तिच्यापासून कोणाच्या जीवास अपाय होतां कामा नये. ह्या दोन्ही कसोट्या जीपलाहि लागू आहेत. पुणें जिल्ह्यांतील आंबेगांव तालुक्याच्या पश्चिम भागांत पाऊस मुबलक, भातखाचरें उतरणीचीं आणि पाणंदी चिखलाच्या. तेथें गेलीं चौदा वर्षें आम्ही अशी एक जुन्या घाटाची डीझेल गाडी बाळगून आहों. त्या अनुभवावरून जें निश्चित वाटतें तेवढेंच वाचकांपुढें ठेवीत आहों.

गाडीचें कुळ

ही गाडी मूळची शेतीची नव्हे, लढाईची. १९४० सालीं अमेरिकन सैन्यास हलकी, बुटकी, वाटेल त्या वाटेनें जाणारी गाडी पाहिजे होती. बँटम कंपनीनें पहिला नमुना त्याच वर्षीं तयार केला. पुढें विलीज आणि फोर्ड ह्या दोन कारखान्यांनीं महायुद्ध संपेपर्यंत मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बांधिल्या. चार सिलिंडरांचें सुमारें ६० अश्वशक्तीचें पेट्रोल इंजिन, पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर अवघें ८० इंच, आणि सैन्याच्या दप्तरीं नांव ‘पाव टनी ट्रक’. हें नांव ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. आडवाटेनें तिच्यावर किती ओझें लादावें ह्याचा अंदाज त्यांतच आला.

१९४५ सालीं युद्ध संपतांच विलीज कंपनीनें तीच गाडी नागरी वेषांत शेतकऱ्यांपुढें आणली. तिनें नांगर ओढावा, तिच्या इंजिनावर इतर यंत्रें चालवावीं, अशी त्यामागची कल्पना होती. आपल्याकडे १९४५ मध्यें स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून महिंद्र आणि महिंद्र ह्या नांवानें चालणाऱ्या कंपनीनें ह्या गाड्यांची मुंबईस जुळणी केली, व पुढें अनेक दशकें त्याच घाटाच्या गाड्या, कालांतरानें डीझेल इंजिन बसवून, खेड्यापाड्यांत पोंचविल्या. त्याच वंशांतली ‘थार’ २०१० सालीं निघाली व तिची नवी आवृत्ति २०२० सालीं आली.

नांगराची कल्पना मात्र रुजली नाहीं, आणि त्याचें कारण उघड आहे. ट्रॅक्टराचें मागचें चाक मोठें व अंग भारी; जीपचें चाक लहान व अंग हलकें. फाळ खोल गेला कीं चाक जागच्या जागीं फिरूं लागतें, आणि मंद गतीनें तासन्‌तास ओढल्यानें इंजिन तापतें. सबब जीप म्हणजे स्वस्त ट्रॅक्टर ही समजूत टाकून द्यावी. बियाणें, खताच्या गोण्या, फवारणीचा पंप, दुधाचे कॅन, भाजीचे क्रेट आणि वेळप्रसंगीं आजारी माणूस, हें सर्व जेथें दुसरी मोटार जात नाहीं तेथून डांबरी रस्त्यापर्यंत आणणें हेंच तिचें खरें काम होय.

चारी चाकांचा अर्थ

जुन्या घाटाच्या गाडींत एरव्हीं मागच्याच दोन चाकांस गति असते. दांडा ओढला म्हणजे ती पुढच्यांसहि मिळते. ही जोडणी चिखलांत शिरण्यापूर्वींच करावी, रुतल्यावर नव्हे. तसेंच डांबरी रस्ता लागतांच ती सोडवावी. वळणावर पुढचीं चाकें मागच्यांहून अधिक अंतर कापतात. मऊ जमिनींत टायर थोडा घसरून हा फरक भरून काढतो. कठीण रस्त्यावर तो घसरत नाहीं, आणि सारा ताण दंतचक्रांवर व क्रॉसवर पडतो.

चारी चाकांस गति आहे म्हणजे गाडी अडणारच नाहीं, हा दुसरा भ्रम. एका आसाच्या दोन चाकांमध्यें जें डिफरन्शिअल असतें त्याचा स्वभाव असा कीं, ज्या चाकास जमिनीची पकड नाहीं तेंच फिरतें आणि दुसरें स्वस्थ राहतें. पुढचें डावें आणि मागचें उजवें अशीं तिरकस दोन चाकें खळग्यांवर अधांतरीं आलीं कीं, तीं दोन भिरभिरतात आणि गाडी उभी राहते. कांहीं नव्या गाड्यांत ह्यावर कुलूप बसविलेलें असतें, जुन्यांत नसतें. म्हणून खळगा दिसतांच कोणतें चाक कोठें पडेल हें आधीं पाहून घ्यावें. संशय असल्यास उतरून चालत जाऊन पाहावें. त्यांत पांच मिनिटें जातात. रुतलेली गाडी काढण्यांत अर्धा दिवस जातो.

चाक फिरूं लागलें असतां ॲक्सिलरेटर दाबूं नये. जितकें फिरेल तितकें तें आपली कबर खोल खणतें. इंजिन मंद करावें, फावड्यानें चाकापुढील माती काढावी, आणि तुरकाट्या, पऱ्हाटी, गोणपाट किंवा दगड जें हातीं असेल तें चाकापुढें घालावें. दुसऱ्या गाडीनें टोचन करण्याची वेळ आली तर दोर सांगाड्याच्या हुकांतच अडकवावा, बंपरास नव्हे. दोरावर मध्यभागीं एखादें जुनें पोतें टाकावें व आसपास कोणास उभें राहूं देऊं नये. ताणलेला दोर तुटला तर माणसाचा पाय मोडण्याइतका वेग त्यास येतो.

पाणंद, चाकोरी आणि वाफसा

ट्रॅक्टरांच्या जाण्यायेण्यानें आमच्या पाणंदींना खोल चाकोऱ्या पडल्या आहेत. जीपचें चाक त्यांत शिरलें कीं सुकाणूचें चक्र एकदम झटका देतें. म्हणून अशा वाटेनें जातांना अंगठे चक्राच्या आंत अडकवूं नयेत; चक्राच्या कडेवरच बाहेरून ठेवावे. अंगठा मोडल्यावर दूधहि काढतां येत नाहीं. नदीच्या रेताड पात्रांत टायरांतील हवा कमी करावी. ३० पौंड असेल तर वीस-बाविसांवर आणावी. टायर पसरट होऊन भार वांटला जातो. पुन्हां रस्त्यावर येतांच हवा भरलीच पाहिजे, नाहींतर टायर तापून फाटतो.

आणखी एक गोष्ट केवळ शेतकऱ्यालाच कळण्यासारखी आहे. गाडी जाऊं शकते म्हणून ती शेतांत घालूं नये. वाफसा येण्यापूर्वीं ओल्या रानांतून चाक गेलें कीं माती दडपते. तेथें पाणी मुरत नाहीं, मुळ्या खालीं जात नाहींत, आणि चाकाची ती वाट पुढच्या पिकांत पिवळ्या पट्ट्यासारखी उमटते. बांधाच्या कडेनें एकच वाट ठरवून द्यावी आणि घरांतील तरुणांसहि तिच्याबाहेर जाऊं देऊं नये.

चढ आणि उतरण

जीप उंच आणि अरुंद आहे. चढावर नाकासमोर ती जितकी भरंवशाची, तितकीच आडव्या उतरणीवर दगाबाज. टेकडीस तिरपी वाट धरून चढूं नये. सरळ चढावें, सरळ उतरावें. चढतांना इंजिन बंद पडलें तर वळविण्याचा यत्न करूं नये. ब्रेक धरून रिव्हर्स गिअर घालावा आणि आल्या वाटेनें सरळ मागें यावें. उतरतांना लहान गिअर घालून क्लचवरचा पाय काढून घ्यावा. इंजिनच गाडीस रोखून धरतें. केवळ ब्रेकवर उतरणाऱ्याचीं चाकें ओल्या मुरुमावर अडकून घसरतात, आणि मग गाडी चालकाची राहत नाहीं.

पाण्यांतून जाणें

ह्या विषयावर आम्ही थोडें अधिक लिहितों, कारण दर पावसाळ्यांत माणसें मरतात तीं येथें. उभ्या पाण्याचा विचार सोपा आहे : काठीनें खोली मोजावी, चाकाच्या मध्यापर्यंत पाणी असेल तरच जावें, आणि सावकाश, एका चालीनें जावें. इंजिनांत हवेच्या वाटेनें पाणी शिरलें तर पाणी दाबलें जात नसल्यामुळें आंतले दांडे वांकतात, आणि दुरुस्तीचा खर्च इंजिनाच्या किंमतीस जाऊन भिडतो. बाहेर आल्यावर थोडें अंतर ब्रेक हलके दाबीत चालावें म्हणजे ते कोरडे होतात.

वाहत्या पाण्याची गोष्ट निराळी. फूटभर वाहतें पाणी लहान मोटार हलवितें. दोन फूट पाणी बहुतेक सर्व गाड्या नेतें, जीप त्यांत आलीच. गाडी जड आहे म्हणून टिकेल हा हिशेब खोटा आहे. गाडी जितकी बुडते तितकें पाणी तिला वर उचलतें. चाकावरचा भार गेला कीं पकड गेली, मग गति दोन चाकांस असो वा चार चाकांस. शिवाय गढूळ पाण्याखालीं फरशी शाबूत आहे कीं वाहून गेली आहे, हें वरून कोणास सांगतां येत नाहीं.

चार वर्षांपूर्वीं आवणीच्या दिवसांत शेजारच्या वाडींतील पंधरा वर्षांच्या मुलीस संध्याकाळीं बांधावर साप चावला. १०८ क्रमांकास फोन केला. परंतु रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंतच येऊं शकत होती. मुलीस जीपच्या मागच्या भागांत गोधडीवर निजविलें, पाय हलूं नये म्हणून फळीस सैल बांधला, आणि दोघींनीं तिला धरिलें. ओढ्यावर आलों तों फरशीवरून पाणी चाललेलें. किती, हें अंधारांत दिसत नव्हतें. पलीकडे रुग्णवाहिकेचा दिवा दिसत होता, अंतर तीस पावलांचें. मुलीचा बाप हात जोडून म्हणाला, “दादा, घाला गाडी, आपली जीप हाय, जाईल.” आम्हीं गाडी घातली नाहीं. रुग्णवाहिकेस फोनवर वरच्या पुलाकडे यावयास सांगितलें आणि बारा किलोमीटरांचा वळसा घेतला. त्या वळशाइतका लांब प्रवास आम्हीं दुसरा केला नाहीं. मुलीस वेळेवर सर्पविषावरील लस मिळाली. आज ती कॉलेजांत शिकते. दुसऱ्या दिवशीं पाणी ओसरल्यावर फरशीचा मधला तुकडाच जागेवर नव्हता.

ह्यावरून घ्यावयाचा बोध एवढाच कीं, जीपची खरी उपयुक्तता ती पाण्यांत शिरते ह्यांत नसून, लांबच्या खराब वाटेनेंहि ती खात्रीनें पोंचविते ह्यांत आहे. पावसाळ्यापूर्वींच प्रत्येकानें आपल्या गांवाची पर्यायी वाट एकदां गाडी घालून पाहून ठेवावी.

उघडेपणाचे गुणदोष

उघड्या गाडींत भोंवतालचें सर्व दिसतें, चाक कोठें पडतें हें वांकून पाहतां येतें, चढउतार सोपी होते, आणि औषधांचा उग्र वास कोंडत नाहीं. हे तिचे गुण. दोष असा कीं ताडपत्रीचें छप्पर ऊन-पाऊस अडवितें, अपघात अडवीत नाहीं. गाडीस मजबूत लोखंडी कमान असावी आणि प्रत्येकानें पट्टा बांधावा. पट्ट्यावांचून कमान निरुपयोगी आहे, कारण उलटतांना माणूस बाहेर फेकला जाऊन तिच्याच खालीं सांपडतो. बाजूच्या पत्र्यावर किंवा क्रेटांच्या राशीवर मजूर बसविण्याची चाल सर्वत्र आहे. ती बंद झाली पाहिजे. सुटा जॅक, कोयता, औषधाचा डबा बांधल्याशिवाय गाडी हलवूं नये.

गाडीस वाटेल ती टायरें व जोडकाम करण्यापूर्वीं हेंहि जाणावें कीं, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम नोंदलेल्या रचनेंत मनमानी फेरफार करण्यास मनाई करतें. विम्याचा दावा अशाच कारणानें अडतो.

निगा

उघड्या गाडीचे शत्रु दोन : पाणी आणि धूळ. तळाच्या पत्र्यांतील पाणी जाण्याचीं भोकें काडीनें मोकळीं ठेवावीं. युरिया किंवा दुसरें खत वाहिल्यावर त्याच संध्याकाळीं गाडी धुवावी. सांडलेलें खत दमट हवेंत पाणी ओढून पत्रा खातें. ताडपत्री ओली गुंडाळूं नये, बुरशी धरते. पाटे, क्रॉस आणि सुकाणूचे सांधे ह्यांस नियमानें ग्रीस द्यावें, आणि पाण्यांतून गेल्यावर तर अवश्य द्यावें. आसांतील तेल दुधासारखें पांढुरकें दिसलें तर पाणी शिरलें असें समजून तें तत्काळ बदलावें. उन्हाळ्यांत हवेची गाळणी वारंवार साफ करावी. धूळ इंजिनांत जाऊं लागली कीं त्याचें आयुष्य निम्म्यावर येतें.

घ्यावी कीं न घ्यावी

ज्याच्या शेतापर्यंत बारमाही सडक आहे, त्यास ह्या गाडीची गरज नाहीं. साधा छोटा टेंपो अधिक माल कमी इंधनांत नेतो. ज्याची वाट चार महिने बंद पडते, त्यानेंहि एकट्यानें हा भार घेण्यापूर्वीं शेजाऱ्यांशीं बोलावें. चार-पांच कुटुंबांनीं मिळून एक गाडी ठेविली, चालक नेमून दिले आणि इंधनाची वही चोख राखिली, तर ती कोणासच जड होत नाहीं. वहीच्या पहिल्या पानावर दोन नियम मोठ्या अक्षरांत लिहावे : वाहत्या पाण्यांत गाडी घालावयाची नाहीं, आणि पट्टा बांधल्याशिवाय चाक हलवावयाचें नाहीं. हे दोन नियम मोडणाऱ्याच्या हातीं, तो घरचा वडीलधारा असला तरी, किल्ली देऊं नये.