तारापूरची काच

पालघर जिल्ह्यातील तारापूरचे नाव निघाले की १९६९ साली सुरू झालेले देशातील पहिले अणुवीज केंद्र आठवते. त्याच परिसरात भाभा अणुसंशोधन केंद्राने १९८५ साली ज्या कामाला हात घातला, त्याची ओळख मात्र फार थोड्यांना आहे. हे काम म्हणजे तीव्र किरणोत्सारी द्रव कचऱ्याची काच करणे, ज्याला शास्त्रीय परिभाषेत काचीकरण म्हणतात.

वापरून झालेले अणुइंधन नायट्रिक आम्लात विरघळवून त्यातील युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळे काढले, की मागे उरणाऱ्या आम्लधर्मी द्रवात विखंडनातून जन्मलेली जवळजवळ सगळी किरणोत्सारी मूलद्रव्ये एकवटतात. त्यांपैकी सीझियम-१३७ आणि स्ट्राँशियम-९० यांचा अर्धायुकाल, म्हणजे त्यांची किरणोत्सारिता निम्म्यावर येण्यास लागणारा काळ, सुमारे तीस वर्षांचा असल्याने हा द्रव कित्येक दशके स्वतःच तापत राहतो आणि तो भूमिगत स्टेनलेस स्टीलच्या टाक्यांमध्ये नळ्यांतून पाणी खेळवून थंड ठेवावा लागतो. टाकी आज ना उद्या गंजणार, हे गृहीत धरूनच पुढचा विचार करावा लागतो. द्रव नुसता आटवून भुकटी केली तर तीही पाण्यात विरघळू शकते, तेव्हा घनरूप देणे ही अर्धीच गोष्ट झाली. खरी कसोटी पाण्याची आहे. काचेच्या अणुरचनेत स्फटिकासारखी ठरावीक घरे नसतात, त्यामुळे लहानमोठ्या आकारांच्या डझनावारी मूलद्रव्यांना ती आपल्या जाळ्यात बांधून घेते आणि पाण्यात त्यांना अत्यंत सावकाश सुटू देते. सिलिका, बोरॉन आणि सोडियम यांपासून बनणारी बोरोसिलिकेट काच जगभर निवडली गेली ती याच गुणामुळे.

तारापूरच्या मूळ पद्धतीत हे सारे जाड काँक्रीटच्या भिंतींच्या बंद कक्षात घडते. चालक शिसेयुक्त काचेच्या जाड खिडकीतून पाहत यांत्रिक हातांनी काम करतो. आत धातूचे एक उभे पात्र असते आणि त्याला विद्युतप्रवर्तनाने टप्प्याटप्प्याने तापवले जाते. द्रव आणि काचेचे घटक पात्रात सोडले जातात, पाणी उडून जाते, नायट्रेट क्षारांचे विघटन होऊन ऑक्साइडे उरतात आणि सुमारे ९५० अंश सेल्सिअसला सगळ्याचा एकजीव रस होतो. पात्राच्या बुडाशी असलेल्या तोटीला नेहमीसारखी झडप नाही: तोटीत गोठलेली काच हेच बूच असते. तोटीचा स्वतंत्र तापक सुरू केला की ते बूच वितळते आणि रस खालच्या स्टीलच्या डब्यात उतरतो. तापक बंद केला की तोटी पुन्हा बुजते. जिथे माणसाचा हात पोहोचू शकत नाही तिथे हलणारा एकही भाग नसलेली ही झडप म्हणजे अभियांत्रिकी चातुर्याचा नमुनाच मानावा लागेल. काचेला तडे जाऊ नयेत म्हणून डबा हळूहळू निववला जातो आणि त्याचे झाकण दुरूनच वेल्डिंग करून बसवले जाते. तापमान वाढले की सीझियम आणि रुथेनियम वाफेबरोबर निसटू पाहतात, म्हणून बाहेर पडणारे वायू थंड करून, धुऊन, अतिसूक्ष्म गाळण्यांतून जाऊ दिल्यावरच धुराड्याकडे पाठवले जातात.

कचऱ्याला काच नव्हे, काचेला कचरा मानवला पाहिजे, याचा धडा मुंबईतील ट्रॉम्बेने दिला. तेथील वापरलेल्या इंधनाच्या पुनर्प्रक्रियेत प्लुटोनियमचे क्षपण करण्यासाठी फेरस सल्फामेट वापरले जात असल्याने कचऱ्यात सल्फेट भरपूर उतरले होते आणि नेहमीच्या बोरोसिलिकेट काचेत सल्फेट फारसे सामावत नाही. जास्तीचे सल्फेट दुधावर साय धरावी तसे रसावर पिवळा थर होऊन तरंगते, आणि हा थर पाण्यात विरघळणारा असून सीझियमही आपल्याकडे ओढून घेतो; म्हणजे ज्या धोक्यासाठी एवढा खटाटोप केला तोच मागल्या दाराने परत येतो. भाभा केंद्रातील रसायनतज्ज्ञांनी यावर बेरियमयुक्त बोरोसिलिकेट काचेचा तोडगा काढला, जी सल्फेट अधिक प्रमाणात पचवते. परदेशी कृती जशीच्या तशी उचलून भागले नसते, हे येथे स्पष्ट दिसते.

धातूच्या पात्राचे आयुष्य उष्णता आणि गंज यांमुळे तोकडे असते. पुढच्या पिढीच्या सिरॅमिक भट्टीत म्हणून वेगळी युक्ती योजली गेली: वितळलेली काच विद्युतवाहक असते, तेव्हा बुडवलेल्या विद्युदग्रांमधून प्रवाह थेट काचेतूनच सोडून तिला तापवायचे. थंड काच मात्र वीज वाहू देत नाही, त्यामुळे आरंभी तिला बाहेरून तापवावे लागते. शिवाय पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारखे जड धातू तळाशी बसून प्रवाहाला आडवाट करून देतात. फ्रान्समध्ये मार्कूल येथे १९७८ पासून औद्योगिक प्रमाणावर काचीकरण झाले ते फिरत्या नळकांड्यात आधी भुकटी करण्याच्या पद्धतीने, तर अमेरिकेतील सव्हाना रिव्हर येथे १९९६ पासून सिरॅमिक भट्टी वापरात आली.

भरलेले डबे तिनाच्या संचाने एका बाह्य कवचात बंद करून तारापूरच्या भूमिगत कोठीत ठेवले जातात. तेथे पंखे नाहीत: तापलेली हवा उंच धुराड्यातून वर चढते आणि तिची जागा घेण्यासाठी थंड हवा खालून आपोआप येते, त्यामुळे वीज गेली तरी डब्यांचे निवणे थांबत नाही.

अलीकडे ट्रॉम्बेच्या कचऱ्यातून सीझियम वेगळे काढून त्याच्या काचेच्या कांड्या बनवल्या जातात आणि त्या रुग्णांना द्यावयाच्या रक्ताला किरण देणाऱ्या यंत्रांत बसवल्या जातात. ब्राझीलमधील गोयानिया शहरात १९८७ साली टाकून दिलेल्या वैद्यकीय यंत्रातील सीझियम क्लोराइडची भुकटी वस्तीत पसरून माणसे दगावली होती. ती भुकटी पाण्यात विरघळणारी होती, काचेची कांडी तशी नाही.

काचेच्या डब्यांचा अखेरचा मुक्काम अभेद्य खडकात, शेकडो मीटर खोल असावा यावर जगातील तज्ज्ञांचे बव्हंशी एकमत आहे. भारतात असे भांडार अद्याप बांधलेले नाही. कोलारच्या सोन्याच्या खाणीत सुमारे हजार मीटर खोलीवर तापक ठेवून खडक उष्णतेला कसा प्रतिसाद देतो, हे पाहण्याचे प्रयोग मात्र झाले आहेत. दरम्यान तारापूर येथे २०१३ साली सुरू झालेल्या सुविधेत दीर्घायुषी ॲक्टिनाइड मूलद्रव्ये काचीकरणाआधीच बाजूला काढण्याचे तंत्र आजमावले गेले. ही मूलद्रव्ये आणि सीझियम आधीच निघाली तर डब्यांतील उष्णता आणि धोक्याचा काळ दोन्ही घटतात, आणि खडकात किती जागा, किती अंतरावर खोदावी लागेल याचे गणितही त्यानुसार बदलते.