गोलाकार तारकागुच्छांतील शीत लघुतारे व त्यांच्यातील रासायनिक भेद

एका गोलाकार तारकागुच्छातील सर्व तारे एकाच वायुमेघातून एकाच वेळी जन्मले, ही समजूत दीर्घकाळ रूढ होती. पाठ्यपुस्तकांतून ती अजूनही भेटते. वस्तुतः एकाच गुच्छातील काही तांबड्या राक्षसी ताऱ्यांत ऑक्सिजन कमी व सोडियम अधिक, तर इतरांत याच्या उलट प्रमाण असते, हे वर्णपटांवरून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच दिसून आले होते. हा भेद जन्मजात की वार्धक्यात उद्भवलेला, हा खरा प्रश्न होता. राक्षसी ताऱ्याच्या अंतर्भागातील द्रव्य ढवळून पृष्ठावर येत असल्याने दुसरी शक्यताही नाकारता येत नव्हती.

२००१ मध्ये ग्रॅटन व सहकाऱ्यांना मयूर तारकासमूहातील एनजीसी ६७५२ या गुच्छात, राक्षसी अवस्थेला न पोचलेल्या ताऱ्यांतही हाच भेद आढळला. तथापि एक पळवाट उरली. आधीच जन्मलेल्या ताऱ्याने बाहेरील दूषित वायू ओढून घेतला असेल, तर केवळ त्याचे बाह्य स्तरच बदललेले असणार.

येथे सूर्याच्या निम्म्याहून कमी वस्तुमानाचे लाल बटुतारे निर्णायक ठरतात. त्यांच्या गाभ्याचे तापमान सुमारे एक कोटी अंश किंवा त्याहूनही कमी असते. सोडियम निर्माण करणाऱ्या अभिक्रियांना ते अपुरे आहे. सूर्याच्या सुमारे ०.३५ पटींहून हलके तारे तर अभिसरणाने संपूर्ण ढवळले जातात, त्यामुळे ओढलेले द्रव्य पृष्ठावर टिकत नाही, विरळ होते. शिवाय गुरुत्वाने वायू ओढण्याचा दर साधारणतः वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणजे ०.८ सूर्यवस्तुमानाच्या ताऱ्याच्या तुलनेत ०.२ सूर्यवस्तुमानाचा तारा सोळाव्या हिश्श्यानेच वायू ओढील. ही उपपत्ती खरी असती, तर लघुताऱ्यांत भेद जवळजवळ लोपावयास हवा होता.

असे तारे इतके मंद, की त्यांचे सविस्तर वर्णपट घेणे दुष्कर. सुदैवाने त्यांच्या वातावरणातील पाण्याची वाफच साक्षीदार होते. सुमारे ३००० ते ४००० अंश केल्व्हिन तापमानात बहुतेक कार्बन मोनॉक्साइडमध्ये अडकतो व उरलेल्या ऑक्सिजनपासून पाण्याचे रेणू बनतात. ते १.४ मायक्रॉनच्या आसपासचा अवरक्त प्रकाश शोषतात. ज्यात ऑक्सिजन कमी, त्यात वाफ कमी, आणि तो तारा त्या पट्ट्यात तुलनेने तेजस्वी. दोन गाळण्यांतून मोजलेल्या तेजातील फरकावरून रासायनिक घडण ओळखता येते, ती अशी.

हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून मिलोने व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये एनजीसी ६७५२ मधील लाल बटुताऱ्यांचे तीन स्वतंत्र गट दाखविले. त्यांचे परस्परप्रमाण अधिक वस्तुमानाच्या ताऱ्यांतील प्रमाणाशी जुळते. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने ४७ टुकाने या गुच्छातही तसेच साम्य दाखविले. भेद वस्तुमानावर अवलंबून नाही. म्हणजे हे तारे निराळ्या घडणीच्या वायूतूनच जन्मले, असे मानणे भाग पडते.

तो वायू कोणी दूषित केला, याविषयी मात्र एकमत नाही. मध्यम वस्तुमानाचे वृद्ध तारे, वेगाने फिरणारे प्रचंड तारे व अतिप्रचंड तारे असे उमेदवार पुढे आलेले आहेत. अनेक मोठ्या गुच्छांत ऑक्सिजन-न्यून ताऱ्यांचीच बहुसंख्या आहे. एवढे द्रव्य पुरविण्याचा हिशेब यांपैकी एकाही उपपत्तीला अद्याप समाधानकारकपणे जुळविता आलेला नाही.