लाल सोने, पिवळी चांदी

सोन्याचा रंग कोणता, असे विचारले तर शेंबडे पोरही 'पिवळा' म्हणून सांगेल. पण त्याच सोन्याचे वीस नॅनोमीटरचे कण पाण्यात तरंगत ठेवा. पाणी माणकासारखे लाल दिसेल! (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा हिस्सा.) चांदी त्याहून खट्याळ. तिचे कण प्लॅस्टिकच्या पारदर्शक पापुद्र्यात विखुरले की पापुद्रा पिवळा होतो.

धातूत मोकळे इलेक्ट्रॉन असतात. प्रकाशाची लाट आली की इवल्या कणातले हे इलेक्ट्रॉन एकदम मागेपुढे झुलू लागतात. झोक्याला नेमक्या वेळी ढकलले म्हणजे तो उंच जातो, त्यातलाच हा प्रकार. सोन्याचा झोका पाण्यात सुमारे ५२० नॅनोमीटरच्या हिरव्या लाटेशी जमतो. ती गिळली जाते, लाल तेवढा पलीकडे निसटतो.

मायकेल फॅरडेने १८५७ साली हे लाल सोने अभ्यासले आणि रंगाचे मूळ कणांच्या बारीकपणात आहे हे ताडले. गणित मागाहून आले. १९०४ साली मॅक्स्वेल गार्नेटने धातुमिश्रित काचांसाठी मोठी नामी युक्ती काढली: कण एकेक मोजत बसायचेच नाही, धातू किती, काच किती, एवढे प्रमाण घेऊन सारे मिश्रण एकच पदार्थ मानायचे. १९०८ साली गुस्ताव मी (हे आडनाव आहे, लेखकाचा अहंकार नव्हे!) याने एकट्या गोल कणाचे गणित तडीस नेले.

आज प्लॅस्टिकची फिल्म बनवण्याआधी तिचा रंग कागदावर काढतात तो याच वाटेने. पाण्यापेक्षा प्लॅस्टिकचा वक्रीभवनांक जास्त. म्हणून गिळली जाणारी लाट लाल बाजूला सरकते. इथपर्यंत हिशेब जुळतो. पण गार्नेटच्या सूत्राच्या अटी कडक: कण गोल हवेत, लाटेच्या मानाने फार लहान हवेत, एकमेकांपासून दूर हवेत. बरे, कण फारच लहान झाले तर इलेक्ट्रॉन त्यांच्या कडांवर आपटतात आणि पुस्तकातले धातूचे आकडेही लागू पडत नाहीत! प्लॅस्टिकमध्ये तर कण जत्रेतल्यासारखे घोळके करतात. शेजाऱ्याचा झोका शेजाऱ्याला ओढतो आणि लाल अपेक्षिलेली फिल्म जांभळी निघते. माझ्या मते सूत्राची खरी कमाई इथेच आहे. हिशेबातला आणि हातातला रंग जुळला नाही, की कणांनी गर्दी केल्याचा संशय घ्यायला जागा होते.

गर्दी मुद्दाम घडवताही येते. घोळके झालेली फिल्म तापवून ताणली की कण मण्यांसारखे ओळीत बसतात. मग ध्रुवित प्रकाशात ती फिरवून पाहा: आडवी धरली तर तांबडी, उभी धरली तर निळी.